आम्हालाही विचारा, आणि जे कळेल ते सांगा

ईद असो, गणपती असो की शिमगा, सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. रत्नागिरीतल्या अशा दोन-तीन बैठकांना मीही बसलो आहे. समोर साहेब, पहिल्या रांगेत दरवेळचेच आठ-दहा चेहरे, चहा, आणि शेवटी "आपल्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात" हे वाक्य. ते वाक्य खोटं नाही. पण मिरकरवाड्यातून बोटीवर जाणारा पोरगा किंवा राजीवड्यातली मासे विकणारी खाला त्या खोलीत मला कधी दिसली नाही. पोलिसांबद्दल त्यांना काय वाटतं, हे पोलिसांना कोण सांगणार?

हे पोलिसांनी स्वतःच शोधून काढलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. भिवंडीने 1970 आणि 1984 अशा दोन भीषण दंगली पाहिल्या. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांवर कडक ताशेरे ओढले होते. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी जुन्या दंगलींचा अभ्यास केला. दोन माणसांच्या किरकोळ भांडणाला धर्माचा रंग कसा चढतो आणि पोलिसांची ओळख पुढाऱ्यांपलीकडे कशी जात नाही, हे त्यांनी पाहिलं. मग गल्लोगल्ली सुमारे 70 मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. त्यात साधे हिंदू-मुसलमान शेजारी होते आणि त्यांच्यासोबत त्या भागातला पोलीस. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली.

दुसरं उदाहरण कडू आहे. 2013 मध्ये महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या पोलीस महासंचालकांनी पोलीस आणि अल्पसंख्याकांच्या नात्यावर एक अहवाल तयार केला. मुसलमानांचा पोलिसांवर विश्वास उरलेला नाही, दंगलीतलं काही पोलिसांचं वागणं आणि दलातली आपली तुटपुंजी संख्या ही त्याची कारणं आहेत, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे आपण चहाच्या टपरीवर जे बोलतो, तेच खुद्द वरिष्ठ अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं. पण सर्वसामान्यांना त्याची खबर लागली ती 2014 साली, वृत्तपत्रातून. ज्यांच्याबद्दल अभ्यास, त्यांनाच तो सांगितला नाही, तर विश्वास कसा वाढणार?

मार्च 2025 मध्ये राजापूरच्या शिमग्यात मशिदीसमोर जे घडलं, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. होळीचं झाड मशिदीच्या पायरीपर्यंत नेण्याची तिथली जुनी रीत आहे आणि अफवांवर विश्वास ठेवू नका, असं पोलिसांनी सांगितलं. घोषणाबाजीबद्दल गुन्हाही नोंदवला. पण मग पुढचा प्रश्न उरतो. वर्षानुवर्षं शांतपणे चाललेली रीत त्या रात्री तणावाची का झाली? वेगळं काय होतं? बंदोबस्त वाढवून याचं उत्तर मिळत नाही. दोन्ही मोहल्ल्यांत बसून, लोकांना विचारून, लिहून काढावं लागतं.

म्हणून जिल्हा पोलिसांकडे मागणं साधं आहे. विश्वासाची पाहणी करा. तरुणांना, बायकांना, खलाशांना विचारा. नाव लिहून घेऊ नका. जे निघेल ते मराठीत आणि उर्दूत जाहीर करा. माहिती काढणं आणि अभ्यास करणं यात फरक असतो. माहिती काढताना आपण संशयित असतो, अभ्यासात पोलीस स्वतःला तपासतात. हा फरक त्यांनी पाळला, तर लोक बोलतील.

आणि दोस्तांनो, आपलंही काम आहे. उद्या कुणी विचारायला आलं, तर दार लावून घेऊ नका. चांगला अनुभव असेल तर तोही सांगा, वाईट असेल तर तारखेसह सांगा. शांतता कमिटीत आपल्या मोहल्ल्यातली एखादी बहीण, एखादा कॉलेजचा पोरगा जाईल, असं बघा. पोलीस भरतीचा अर्ज भरा. मोबाईलवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी त्या गावातल्या माणसाला एक फोन करा.

पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. या वेळी एकटा जाणार नाही.