पानं दाबायचे दिवस गेले म्हणे!

परवा पुतण्या येऊन गेला. बंगळूरला बायोटेक कंपनीत असतो, वर्षातून एकदा उगवतो. जेवण झाल्यावर दिवाणाखालचे गठ्ठे त्याच्या नजरेला पडले आणि म्हणाला, "काकू, हे अजून ठेवलंयस? पानं दाबायचे दिवस गेले आता. नखाएवढा तुकडा पुरतो. डीएनए वाचला की नाव बाहेर!"

मी तेव्हा गप्प बसले. चार दिवसांच्या पाहुण्याशी कशाला भांडायचं, आणि चहाही उतू चालला होता. आता इथे भांडते. चिरंजीव वाचणार आहेतच.

आधी माझी पात्रता सांगून टाकते, म्हणजे प्रतिक्रियेत कोणी विचारायला नको. बी.ए. मराठी, तेही मराठी माध्यमातून. उभा जन्म ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेला. वनस्पतींचं जे काही कळतं ते धाकट्या दिरांमुळे, म्हणजे ह्याच चिरंजीवांच्या तीर्थरूपांमुळे. भाऊजी तालुक्याच्या गावी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पावसाळ्यात नमुने घेऊन आमच्याकडे उतरले की माझ्या स्वयंपाकघराचं हर्बेरियम होई. रद्दीच्या घड्या, टीपकागद, वर फळी आणि फळीवर पाटा. दमट हवेत कागद रोज बदलावे लागत, नाहीतर बुरशी धरे. ते काम माझं. चिठ्ठ्याही मीच लिहायचे, कारण भाऊजींचं अक्षर डॉक्टरी! गाव, तारीख, ओढ्याकाठी की माळावर, फुलाचा रंग (वाळल्यावर उडतो, म्हणून ताजा असतानाच लिहायचा), आणि गावातले लोक त्याला काय म्हणतात ते.

तर मी डीएनएच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. कमळाचंच बघा. कमळ आणि कुमुद दोन्ही पाण्यात, दोन्हींची पानं गोल, फुलं देखणी. लिनियसने १७५३ साली दोघांना निम्फिया हे एकच आडनाव दिलं. पुढे कमळ 'नेलुंबो' झालं, तरी कुळ बराच काळ एकच धरत असत. मग १९९३ साली मिसुरी बोटॅनिकल गार्डनच्या नियतकालिकात मार्क चेस आणि त्यांच्या ४१ सहकाऱ्यांचा निबंध आला. सुमारे ५०० वनस्पतींच्या हरितलवकातलं एकच जनुक वाचून त्यांनी वंशवृक्ष मांडला होता, आणि त्यात कमळ कुमुदाला सोडून भलत्याच फांदीवर जाऊन बसलं. काश्मीरचा चिनार आणि चहाच्या मळ्यांत लावतात तो सिल्व्हर ओक, हे म्हणे कमळाचे सख्खे! मला ते वाचून इतका आनंद झाला होता की आठवड्यात तीन जणांना पकडून सांगितलं. (जाता जाता : उपासाचे मखाणे म्हणजे कमळबी असं पुष्कळजणी समजतात. मखाणा कुमुदाच्या कुळातला. कमळाचं बी म्हणजे कमळगट्टा.)

साग आणि तुळस आज एका कुळात आहेत. काटेसावर, जास्वंद, भेंडी, कापूस एका कुळात. १९९८ साली एपीजी नावाच्या गटाने ही नवी मांडणी सुरू केली, २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत सपुष्प वनस्पतींचे ६४ गण आणि ४१६ कुळं धरली आहेत. मला ती मान्य आहे. आणि "आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं" असे निरोप मला पाठवणाऱ्यांना इथेच हात जोडते. आपल्या कवींनी सूर्यविकासी कमळ आणि चंद्रविकासी कुमुद वेगळं ओळखलं, ते डोळे उघडे ठेवून. चिनार त्यात कुठेही नव्हता.

पण चिरंजीव, यंत्राने एकट्याने हे शोधलं हे मला मान्य नाही. सूक्ष्मदर्शकाखाली परागकण बघणाऱ्यांना कमळाचा संशय आधीच आला होता. कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात, कुमुदाच्या नसतात. पपईचं घे. पपई, शेवगा आणि मोहरी आज एकाच गणात आहेत. तू येशील तेव्हा पपईची चार ओली बियं चावून बघ, नाकात झणका जातो की नाही! शेवग्याच्या मुळालाही तोच तिखटपणा. या झणक्याच्या रसायनावरून डालग्रेन नावाच्या स्वीडिश-डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच ही कुळं एकत्र आणली होती, आणि पुष्कळांना तेव्हा ते पटलं नव्हतं. जनुकांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. साक्षीदाराला कोर्टात बोलावण्याइतकी शंका आधी कोणाला तरी यावी लागते.

आता तुझा तो नखाएवढा तुकडा. प्राण्यांसाठी एक जनुक बारकोडसारखं वापरायची कल्पना पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडली. वनस्पतींत ते जनुक फार सावकाश बदलतं म्हणून चालेना. मग २००९ साली आरबीसीएल आणि मॅटके अशी हरितलवकातली दोन जनुकं ठरली. ती ठरवणाऱ्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलं की जात नेमकी ओळखता आली ती १०० पैकी ७२ वेळा, बाकीच्यांना फक्त जवळच्या जातींच्या गटापर्यंत पोचता आलं. माझ्या वर्गात ७२ टक्क्यांना पहिला वर्ग होता, हे कबूल. पण औषधासाठी मुळी उकरून आणणाऱ्याने त्या उरलेल्या २८ मधलीच आणली तर? त्यात हरितलवक बहुतेक फुलझाडांत आईकडूनच येतं. दोन जातींच्या संकरातून झालेलं झाड असेल तर हा बारकोड फक्त आजोळ सांगतो, बापाचा पत्ता नाही. त्यासाठी केंद्रकातली जनुकंही वाचतात, मला माहीत आहे. मुद्दा तो नाहीच.

मुद्दा असा, की यंत्रातून नाव बाहेर पडत नाही. अक्षरांची माळ बाहेर पडते. ती माळ साठवलेल्या माळांशी ताडून बघायची. त्या साठ्यातल्या माळेवर 'ही अमुक वनस्पती' असं लिहिलं कोणी? ज्याला ते झाड ओळखता येत होतं त्याने. त्याने चुकीचं लिहिलं असेल तर यंत्र तीच चूक खात्रीने सांगणार. म्हणून माळेच्या मागे एक दाबलेला, चिठ्ठी लावलेला नमुना लागतो, शंका आली तर उघडून बघायला. रोल नंबर आहे आणि उत्तरपत्रिकाच नाही, असा निकाल मी तरी लावला नसता.

आणि "डीएनएने नाव बदललं" हेही नीट म्हणावं. बाभळीची गोष्ट ऐका. ग्रीक लोक इजिप्तच्या ज्या काटेरी झाडाला अकाकिया म्हणत ती आपली बाभूळच. शास्त्रीय नावातच नाईल नदी होती, अकेशिया निलोटिका. जनुकं वाचल्यावर दिसलं की अकेशिया हे एक घर नाही, वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. इथवर विज्ञान. दारावरची पाटी कोणत्या बिऱ्हाडाने ठेवायची हे डीएनए सांगत नाही. नियमाने ती मूळ नमुन्याकडे, म्हणजे बाभळीकडे राहायची. पण ऑस्ट्रेलियातल्या जाती हजाराच्या घरात, तेवढी नावं कोण बदलणार? २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत मूळ नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन करण्याचा प्रस्ताव आला. जवळजवळ ५५ टक्के मतं विरुद्ध पडली, तरी तो पाडायला ६० टक्के लागत होती, म्हणून राहिला. २०११ साली मेलबर्नला, ऑस्ट्रेलियातच, त्यावर शिक्कामोर्तब झालं. बाभूळ आता व्हॅचेलिया, कोण्या इंग्रज पाद्र्याच्या नावावरून. खैर सेनेगालिया. आणि आपल्या रस्त्यांच्या कडेला लावून ठेवलेली ती बिनकाट्याची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आजही अकेशिया! सोयीच्या हिशेबाने बरोबर असेलही. पण ते मतदान होतं, त्याला जनुकांचा कौल म्हणू नये.

असो. एवढी तिडीक का, ते आता सांगते. भाऊजी गेल्यावर काही वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याचा फोन आला, "बाई, सरांची कपाटं रिकामी करतायत." नव्या प्रयोगशाळेसाठी जागा हवी होती. कॉलेजचं नाव घेत नाही. मी रिक्षा करून गेले तेव्हा गठ्ठे जिन्याखाली होते, काहींवर पाणी पडलेलं. तिथल्या तरुण मास्तरांनी अगदी नम्रपणे तेच सांगितलं जे परवा तू सांगितलंस. आता डीएनएचा जमाना आहे, बाई. मला जेवढे उचलता आले तेवढे आणले. सहा.

आणि २०२४ साली लंडनच्या क्यू गार्डनच्या पुढाकाराने सपुष्प वनस्पतींचा प्रचंड वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. साडेनऊ हजारांवर जाती, ३५३ जनुकं. तो वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यातला बराच डीएनए जुन्या दाबलेल्या नमुन्यांतून काढलेला होता. एक तर १८२९ साली नेपाळात गोळा केलेला. तो कोणी तरी जवळजवळ २०० वर्षं जपला, कशासाठी ते ठाऊक नसताना. जिन्याखाली टाकला नाही.

गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्यांवरचे दोन ओढे आता धरणाच्या पाण्याखाली आहेत. चार कागदांवर भाऊजींनी नावापुढे प्रश्नचिन्ह केलेलं आहे. ते प्रश्न तुझं यंत्र सोडवू शकेल, नखाएवढा तुकडा मी आनंदाने देईन. कागद मात्र मिळणार नाही. तो पुण्या-मुंबईच्या एखाद्या चांगल्या हर्बेरियमला द्यायचा आहे, आणि आधी कीड लागली आहे का ते जाणकाराने बघायला हवं. माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. दिवाळीत येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढून ये. डांबरगोळ्या मी बदलून ठेवल्या आहेत.