तू नसताना टेस्ट कोण चालवणार?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. डेक्कनच्या कॅफेत आम्ही मैत्रिणी जमलोय, बन-मस्का नुकताच टेबलावर आलाय आणि एकीचा मोबाईल वाजतो. ती हिंजवडीत टेस्टर आहे. पलीकडून टीम लीड : ‘अगं, जरा लॉगिनच्या टेस्ट चालवून दे ना. रात्री बिल्ड द्यायचंय.’ झालं! बन-मस्का बाजूला, लॅपटॉप पुढ्यात.

आता गंमत बघा. टेस्ट ऑटोमेटेड, म्हणजे माणसाने क्लिक-क्लिक करायची गरज नाही. पण त्या सुरू करायला कुठली कमांड, कुठला ब्राऊझर, कुठल्या सर्व्हरचा पत्ता, हे सगळं फक्त हिच्या डोक्यात आणि हिच्या मशीनवर! ऑटोमेशन झालं, पण माणूस काही सुटला नाही.

यावरचा उपाय तिच्याच ऑफिसात होता. त्याचं नाव जेन्किन्स. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना कोह्सुके कावागुची यांनी २००४ च्या सुमारास हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा त्याचं नाव होतं हडसन. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, नावावरून वाजलं आणि २०११ मध्ये हडसनचा जेन्किन्स झाला. त्याच्या लोगोत चक्क एक बटलर आहे. प्रोग्रामरने नवा कोड टाकला की हा बटलर तो जोडून बघतो, तपासतो आणि काही मोडलं तर ओरडतो. याला म्हणायचं कंटिन्युअस इंटिग्रेशन.

पण जरा खोलात बघितलं तर हा बटलर करतो काय? दिलेली कमांड सांगितलेल्या मशीनवर चालवतो आणि निकाल जपून ठेवतो. कोड बदललाच पाहिजे अशी त्याची काही अट नाही. मग टेस्ट चालवण्याचा काउंटर म्हणून त्यालाच का बसवू नये?

फंडा सोपा आहे. जेन्किन्समध्ये एक ‘जॉब’ बनवायचा आणि त्याला पॅरामीटर द्यायचे. कुठला सर्व्हर? यादीतून निवडा. कुठला ब्राऊझर? तोही निवडा. फक्त लॉगिन की सगळंच? टिक करा. बटण दाबा आणि चहाला जा. कमांड आत लपलेली, समोर फक्त ब्राऊझरमधला साधा फॉर्म. टेस्टनी निकाल जेयूनिटच्या एक्सएमएल फाईलमध्ये लिहिला की किती पास, किती फेल आणि गेल्या काही वेळचा आलेख, सगळं पानावर हजर. रात्री दोनला चालवायचंय? वेळ लावून ठेवा. एकच पथ्य : खऱ्या ग्राहकांचा सर्व्हर त्या यादीत ठेवू नका आणि कुणाला कुठलं बटण दिसावं, हे आधी ठरवा.

इतकं सोपं, तर हिने आधी का नाही केलं? बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर बाईसाहेब बोलल्या : ‘सगळ्यांनाच जमायला लागलं, तर मला कोण विचारणार?’

खरं सांगू? हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्यातले कितीतरी जण ‘हे फक्त मलाच येतं’ या एका वाक्यावर नोकरी टिकवून असतात. आणि त्याच वाक्यापायी सुट्टीवर गेल्यावरही फोन घेत बसतात!

शेवटी तिने दोन दिवस घालून जॉब बनवला. पहिल्या आठवड्यात ‘कुठलं बटण?’ म्हणून चार फोन आले. मग हाताने टेस्टिंग करणारी एक सहकारी स्वतःच टेस्ट चालवायला लागली आणि एक दिवस म्हणाली, ‘अगं, ही टेस्ट पास होतेय खरी, पण कस्टमर असं कधी करतच नाही.’ ज्या टेस्ट इतके दिवस फक्त हिलाच दिसत होत्या, त्यातली खोट दुसरीने काढली. आणि काही टेस्ट उगाचच कधी लाल, कधी पास होतात, हेही उघडं पडलं. त्या आधी दुरुस्त कराव्या लागल्या. नाहीतर लाल दिसायची सवय होते आणि मग खऱ्या लालकडेही कुणी बघत नाही.

म्हणजे तिचं काम गेलं नाही, बदललं. आधी ती टेस्ट चालवायची, आता कुठली टेस्ट हवी आणि का, याचा विचार करते. विचारायला लोक अजूनही येतात, फक्त प्रश्न बरे असतात.

गेल्या शुक्रवारी पुन्हा तोच कॅफे. साडेसात वाजले, आठ वाजले, फोन गप्प. तिने दोनदा उचलून बघितला, रेंज आहे ना म्हणून! मग हसली आणि दुसरा बन-मस्का मागवला.

तुमच्या ऑफिसात असं कुठलं काम आहे, जे फक्त तुम्हालाच येतं? सोमवारी त्याला एक बटण लावून बघा.