काचेचं दुकान आणि सोलर कुकर

मंडळी, आधी एक खुलासा. माझं गाव तेलगाव. पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "अरे वा, तळेगाव! म्हणजे लोकलनेच की." तळेगाव नव्हे हो, तेलगाव. जिल्हा बीड. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते एकमेकांना कापतात तो चौक, आणि जवळ साखर कारखाना. गंमत म्हणजे काचेशी जुनं नातं त्या तळेगावचं आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून उभा केलेला पैसाफंड, त्याला टिळकांचा पाठिंबा, आणि त्यातून १९०८ साली तिथे निघालेला काच कारखाना. आमच्याकडे काच आली ती अलीकडे, आणि आली ती एकदम बारा बाय आठ फुटांची होऊन.

माझ्या चुलतभावाचं चौकात औषधांचं दुकान आहे. तोंड पश्चिमेला. दोन वर्षांपूर्वी त्याने शटरच्या आत सबंध दर्शनी भाग काचेचा करून घेतला आणि मला फोटो पाठवला. "दादा, कसं दिसायलंय?" मी ऑफिसात होतो. उत्तर दिलं, "एकदम पुण्यासारखं!" खाली अंगठा वगैरे. इंजिनिअर माणूस मी, पण दुकानाचं तोंड कुठे आहे हे विचारायचं सुचलं नाही.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा दुपारी चारला दुकानात शिरलो. वीज गेली होती. भिंतीवरच्या तापमापकात ४१. बहुतेक औषधांच्या खोक्यावर काय छापलेलं असतं, ते आज घरी एकदा वाचा. ३० अंशांखाली ठेवा, काहींवर २५. भावाने एक डबा उघडून दाखवला, त्यातल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या निदान दिसतात तरी. ज्या गोळीचा गुण उष्णतेने कमी झाला ती बाहेरून पहिल्यासारखीच दिसते. ती घेणाऱ्या म्हातारीला वाटतं, आपलं दुखणंच हट्टी.

आता काच काय करते ते बघू. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) ऊन म्हणून जी ऊर्जा येते ती साधारण ०.३ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीची. साधी काच यातलं बहुतेक सगळं आत सोडते. सहा मिलिमीटरच्या स्वच्छ काचेतून उन्हातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत पोचते. ती फरशीवर, कपाटांवर, खोक्यांवर पडते, त्या वस्तू तापतात आणि स्वतः उष्णता फेकू लागतात. पण ही उष्णता दहा मायक्रॉनच्या आसपासची, आणि त्या लांबीला काच पारदर्शक नाहीच! तिच्या दृष्टीने काच म्हणजे भिंत. शिवाय तापलेली हवाही काचेआड कोंडून राहते. (खरं तर हीच बाजू मोठी. अमेरिकेतल्या वुड नावाच्या शास्त्रज्ञाने १९०९ साली एका पेटीवर काच आणि दुसरीवर खनिज मिठाचा पत्रा लावून पाहिला. मिठातून ती लांब तरंगांची उष्णता आरपार जाते, तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या.)

आमच्या आईकडे सबसिडीतला सोलर कुकर होता. आतून काळा डबा, वर काचेचं झाकण. त्यात भात-वरण शिजायचं. भावाचं दुकान म्हणजे तोच कुकर, फक्त उभा केलेला, आणि आत वरण-भाताच्या जागी बीपीच्या गोळ्या.

हिशोब करा. बारा बाय आठ म्हणजे साधारण नऊ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे-सातशे वॅट ऊन पडतं. त्याचे ८० टक्के धरले तर साडेचार किलोवॅटच्या वर उष्णता आत. म्हणजे दुकानात साडेचार शेगड्या लावून ठेवल्यासारखं. दीड टनाचा एसी काढतो सव्वापाच किलोवॅट. थोडक्यात, भावाने हप्त्यावर घेतलेला एसी भावाने हप्त्यावर घेतलेल्या काचेशी कुस्ती खेळतोय! आणि वीज गेली की काच एकतर्फी जिंकते. आमच्या भागात विजेची गोष्ट काय सांगावी? परळीचं औष्णिक केंद्र शेजारीच, पण २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तेच बंद ठेवावं लागलं होतं.

पुढचा विनोद ऐका. उपाय म्हणून कोणीतरी काचेला आतून काळी फिल्म लावून दिली. काळी वस्तू ऊन शोषते, मग काचच तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत टाकते. शिवाय मधला भाग तापून पसरू पाहतो आणि चौकटीतल्या कडा त्यामानाने थंड राहतात. काच उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे हा फरक भरून निघत नाही. तीस-चाळीस अंशांचा फरक पडला की साध्या काचेच्या कडेवर तडा जाण्याइतका ताण येतो. तो आलाच. एका दुपारी फाडकन आवाज. गावात चर्चा झाली, कोणी दगड मारला? अगदी संशयितसुद्धा ठरला बिचारा. मी तडा पाहिला. कडेपासून निघालेला, कडेला अगदी काटकोनात, आणि दगड लागल्याची खूण कुठेच नाही. दगडबिगड काही नाही, ती फिल्मची करणी. मग कारागिराने टफन्ड काच सुचवली. ती फुटणार नाही हे खरं. पण ऊन आत सोडण्यात ती साध्या काचेच्या तसूभर मागे नाही. मजबुतीचं उत्तर उष्णतेच्या प्रश्नाला कसं चालेल?

"पण धुळीचं काय?" भावाचा मुद्दा बरोबर आहे. उसाचे ट्रॅक्टर चौकातून जातात तेव्हा उघड्या दुकानात औषध नाही, मातीच विकावी लागेल. उजेडही हवाच. मी काच नको म्हणतच नाहीये. काचेवर ऊन नको म्हणतोय, आणि ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतला पडदा कामाचा नाही, कारण तिथे पोचलेली उष्णता आत आलेलीच असते. आजोबांच्या माळवदाच्या घरात जाड भिंती, लहान खिडक्या आणि पुढे पडवी होती. त्यांना मायक्रॉन माहीत नव्हते, सावली माहीत होती.

आणि आम्ही हिंजवडीवाले? ज्यांच्याकडे बघून चौकातली दुकानं काचेची होतात ते? आमच्या इमारतीला जमिनीपासून गच्चीपर्यंत काच. दुपारी डोळ्यांवर ऊन येतं म्हणून सगळे ब्लाइंड्स खाली, अंधार होतो म्हणून सगळे दिवे चालू, वर एसी इतका की मे महिन्यात पोरी स्वेटर घालून कोडिंग करतात. उजेडासाठी लावलेली काच झाकून, दिवे लावून बसायचं, याला आम्ही आंतरराष्ट्रीय दर्जा म्हणतो! केंद्राच्या २००७ च्या इमारत ऊर्जा संहितेत सरळ मार्गाने भिंतीच्या ६० टक्क्यांपर्यंत काच चालत होती, २०१७ च्या आवृत्तीत ती मर्यादा ४० वर आणली. पण ते १०० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी इमारतींसाठी. तेलगावच्या चौकाला लागू आहे ती फॅशन, आणि ती ठरते आमच्या ऑफिसबाहेर काढलेल्या सेल्फींत.

असो. मी निघायच्या आदल्या दिवशी भावाला घेऊन पत्रेवाल्याकडे गेलो. काचेपुढे पाच फूट पडवी, आणि पश्चिमेचं ऊन खाली उतरतं म्हणून तिला पुढून बांबूचा गुंडाळता येणारा पडदा, दुपारी तीनला सोडायचा. वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं, "एवढा खर्च करून पुन्हा टपरीसारखंच केलं की."

परवा फोन आला. बाहेर ४१, वीज नाही, दुकानात ३४. तीस नव्हेच, त्यामुळे मागच्या बाजूच्या खोलीत, जिला काच नाही, तिथे औषधं हलवायचं चाललंय. फिल्मचे पैसे मात्र तो माझ्याकडे मागतोय. म्हणतो, "पुण्यासारखं तूच म्हणला होतास ना दादा?" :)