आडात किती, ते आधी मोजा



डिंगोरे येथे बैठकीला येताना कार्यकर्त्यांनी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहावी. ओतूर सोडून माळशेजच्या रस्त्याला लागले की दर दोन-चार कोसांवर पाऊसमान वाढत जाते. घाटमाथ्यावर ढग अक्षरशः टेकतात. त्याच जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला आणे पठारावरची गावे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तालुका एक, तहसीलदार एक आणि पाण्याची दैवे दोन.

या भागात धरणे काही थोडी नाहीत. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे ही जुन्नरची आणि डिंभे हे आंबेगावचे. कुकडी प्रकल्पाचे पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. पण कालवा उताराने जातो, पठारावर चढत नाही. त्या पाण्याच्या वाटणीवर आजवर मोर्चे झाले, रास्ता रोको झाले, कोर्टकज्जे झाले, आणि ते योग्यच होते. मात्र एका पाण्याबद्दल आपण सारे गप्प राहिलो. ते म्हणजे आपल्या पायाखालचे पाणी. ज्वारी आणि कपाशीवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांच्या शिवारात कालवा कधी आलाच नाही. आपले धरण म्हणजे आपली विहीर. त्या धरणात पाणी किती, याचा हिशेब आपण ठेवला नाही. आजचा अग्रलेख त्या हिशेबासाठी आहे.

जरा दूरचे उदाहरण घेऊ. प्रशांत महासागरात किरिबाटी नावाचा छोटा देश आहे. तारावा हे त्याच्या राजधानीचे बेट. नदी नाही, डोंगर नाही. पोवळ्याच्या वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, दह्यावर साय असावी तसे. पाठ्यपुस्तकातला हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर एक हात गोडे पाणी असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते. वरचे एक हात उपसले की खालून चाळीस हात खारे पाणी चढते. म्हणून तिथे खोल बोअर मारणे म्हणजे आपल्या हाताने विहिरीत मीठ टाकणे. तिथे जमिनीत आडव्या, भोके पाडलेल्या नळ्या पुरून वरची साय हलक्या हाताने काढतात. काही जमिनी पाण्यासाठी राखीव केल्या आहेत आणि मालकांना त्याचे भाडे मिळते. भाड्यावरून तिथेही तंटे आहेत. शेजारच्या तुवालूत 2011 साली पाऊस रुसला, तेव्हा सरकारला आणीबाणी पुकारावी लागली.

आम्ही हे सांगतो ते नवलाची गोष्ट म्हणून नव्हे. आपण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर राहणारी माणसेही एका अर्थाने बेटावरच राहतो. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग या पाषाणाचा आहे. त्यात वाळूच्या थरासारखे अथांग पाणी नसते. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग घट्ट काळा खडक. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. शंभर घागरी मावतील एवढ्या मुरमातून उपशाला मिळते ते जेमतेम दोन घागरी. बेटावर अति उपसा झाला की पाणी खारे होते, ते जिभेला लगेच कळते. आपल्याकडे विहीर नुसती कोरडी पडते, आणि आपण म्हणतो, पाऊस कमी झाला.

आता अंकगणित मांडू. समजा आपल्या गावात 600 मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला साधारण दहावा हिस्सा खोल मुरतो. कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. म्हणजे 60 मिलिमीटर. एका एकरावर हे पाणी होते सुमारे 2 लाख 40 हजार लिटर. आणि एका एकराला पाटाने एक पाळी द्यायची तर पाणी किती लागते? तेवढेच. म्हणजे वर्षभराचा पाऊस प्रत्येक एकराच्या पोटात एका पाळीची शिदोरी ठेवून जातो, जास्त नाही. ती पाळी भरली की त्या एकराखालची पातळी सुमारे तीन मीटर, म्हणजे दहा फूट उतरते.

रब्बी ज्वारीला ही एक पाळी पोटरीच्या वेळी मिळाली तर कणीस भरते आणि कडबाही हाती येतो. कपाशीला बोंडे भरताना मिळाली तर पीक तगून जाते. याला आम्ही संरक्षक पाणी म्हणतो. उसाला वर्षाकाठी 2000 मिलिमीटर लागतात, म्हणजे एकरी 80 लाख लिटर. त्यातले पावसाने भागणारे आणि जमिनीत परत मुरणारे वजा केले, तरी एक एकर ऊस अठरा-वीस एकरांची शिदोरी एकटा खातो. आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला त्या मापाने वर्षाला चार कोटी लिटर लागते. विहिरीवरचा पाच एकर ऊस तेवढेच पाणी पितो.

हे वाचून ऊसवाल्या भावाकडे बोट दाखवू नका. तोही शेतकरीच आहे, आणि तो मूर्ख नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि कारखान्याचे गिऱ्हाईक आहे. ज्वारीचा हमीभाव कागदावर, कापसाचा भाव बाजाराच्या लहरीवर. ज्या पिकाला कमी पाणी लागते त्याला भाव नाही, आणि ज्या पिकाला भाव आहे ते पाणी पिते. मग पाणी कुठे जाणार? विहिरी आटण्याचे पहिले कारण आकाशात नाही, ते शेतीमालाच्या भावात आहे. आम्ही हे वर्षानुवर्षे सांगत आलो आणि पुढेही सांगू.

दुसरे कारण विजेचे. अश्वशक्तीवर ठोक आकारणी झाली, तेव्हा जास्त उपसा करणारा आणि कमी करणारा एकाच मापाने मोजला गेला. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. सौरपंपाला तर बिलच नाही. रात्री-अपरात्री सापाविंचवात मोटार चालू करायला जाण्याचा वनवास संपत असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण सूर्य मावळेपर्यंत फुकट चालणारी मोटार आणि शंभरात दोन घागरींचा मुरूम, यांचे गणित जुळत नाही. विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरायचे आणि उन्हाला पाजायचे, हा प्रकारही अनेक ठिकाणी चालू आहे. शेततळे पावसाच्या पाण्याचे असावे. विहिरीतले पाणी जमिनीवर आणून वाफ करणे याला साठवण म्हणत नाहीत.

तिसरे कारण कायद्याचे. 1882 च्या सुखाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे, अशी समजूत रुजली. परंतु पाण्याला सातबारा कळत नाही. आमच्या बांधाखालून ते तुमच्या विहिरीत जाते. शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर मारले की आमच्या चाळीस फुटी विहिरीचे झरे त्याच्या पोटात उतरतात. मग आम्ही चारशे फूट जातो. या शर्यतीत जिंकते ती बोअरची गाडी. विहीर कोरडी, कर्ज मात्र ओले.

राज्याचा 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू झाला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई, अधिसूचित क्षेत्रात नव्या विहिरीला परवानगी, पाण्याप्रमाणे पीक आराखडा, हे सारे त्यात आहे. गावात मात्र याची कितपत खबर आहे, ते प्रत्येकाने आपल्याच गावात विचारून पाहावे.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सरकारी परवाने, झोनबंदी, लेव्ही यांविरुद्ध आयुष्य वेचलेली चळवळ आज विहिरीवर बंधन मागते? आमचे उत्तर असे. तलाठ्याच्या हातात आणखी एक शिक्का द्यायला आम्ही तयार नाही. शिक्का आला की त्याचा दर ठरतो, आणि ज्याच्या खिशात दर आहे त्याचे बोअर रात्रीत होते. पण स्वातंत्र्य म्हणजे शेजाऱ्याची विहीर आटवण्याचा परवाना नव्हे. जी गोष्ट सामाईक आहे तिचा नियम सामाईकांनीच करायचा. सरकारने येऊन करू नये यासाठीच आपण आधी करायचा.

येथे आमची चूकही कबूल करतो. आम्ही कृषी महाविद्यालयात पीक वाढवायला शिकलो, पाणी मोजायला नाही. विहिरीला आडवे बोअर घ्या, उभे बोअर घ्या, असा सल्ला आम्हीही बांधावर उभे राहून दिला आहे. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो म्हणून आम्ही हसलो, पण आमच्या हातात तरी कोणते माप होते?

माप ठेवणारी गावे आपल्याच मुलखात आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी वाटायचे, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, शेतीसाठी बोअर बंद केले. पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. आधी पिण्याचे, मग गुरांचे, उरेल त्यावर रब्बी. पाऊस कमी तर रब्बीही कमी. या गावांत कोणी देवमाणसे राहत नाहीत. त्यांनी मोजले, एवढेच.

आणि हे मोजणे आपल्याला परकेही नाही. लेण्याद्रीच्या कोरीव लेखांत पाण्याच्या पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. नाणेघाटातही खडकात कोरलेली टाकी आहेत. या पाषाणात पाणी आपोआप साठत नाही, ते राखावे लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांना ठाऊक होते.

म्हणून बैठकीपुढे आम्ही हा कार्यक्रम ठेवतो. एक, प्रत्येक शाखेने गावातल्या दहा विहिरी निवडाव्यात. दोरीला दगड बांधून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात पातळी मोजावी आणि आकडे चावडीवर लिहावेत. दोन, शाळेत पर्जन्यमापक बसवावा, नोंद मुलांनी ठेवावी. तीन, दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत हिशेब मांडावा. पिण्याचे पाणी बाजूला काढून उरलेल्यात ज्वारी, हरभरा, कपाशी यांच्या प्रत्येक एकराला निदान एक संरक्षक पाळी मिळेल असे ठरवावे. त्यानंतरच कोणी जादा पाणी घ्यावे. चार, दोन हंगाम नवे बोअर नाही, असा ठराव ज्या गावाला पेलेल त्याने करावा. ज्याला पेलणार नाही त्याने निदान मोजायला सुरुवात करावी.

सरकारकडे मागणी एकच, पण ठाम. ज्वारी आणि कापसाची खरेदी हमीभावाने, वेळेवर करा. पाणी वाचवणारा शेतकरी भावात मार खाणार असेल, तर पाणी वाचवा हा उपदेश आम्हाला ऐकवू नका.

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पोहरा मोठा करण्यात आपण चाळीस वर्षे घालवली. पोहऱ्याची मोटार झाली, मोटारीचे बोअर झाले. आड तेवढाच राहिला. डिंगोऱ्याला येताना प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका तरी विहिरीची खोली आणि आजची पातळी कागदावर लिहून आणावी. सभेची सुरुवात भाषणाने न होता त्या कागदांच्या वाचनाने व्हावी, एवढीच विनंती.