बाण मारा, पण हिशेबाने!

सुप्याजवळच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या येता-जाता सगळ्यांना दिसतात. त्यामुळे पारनेर तालुक्यातल्या पोरांना वाऱ्यावर प्रोजेक्ट करायचं सुचलं, तर नवल नाही. अशा प्रोजेक्टच्या ग्राफवर बाण लागतातच. वेग कधी वाढला, वारा कुठून कुठे गेला, हे दाखवायचं असतं ना! मग आपण काय करतो? ग्राफचं चित्र स्लाइडवर चिकटवतो आणि माउसने एक लालभडक बाण ओढतो. झालं सबमिशन!

माझं स्पष्ट मत आहे, हा बाण अंदाजपंचे आहे. उद्या आणखी चार दिवसांची नोंद आली, ग्राफ सरकला, की बाण भलत्याच जागी बोट दाखवतो. तोंडी परीक्षेत सरांनी 'इथेच का?' विचारलं, तर काय सांगणार?

त्यापेक्षा ग्नूप्लॉट वापरा. १९८६ पासूनचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. 'सेट ॲरो फ्रॉम १४,६ टू १६,९' एवढं इंग्रजीत टाइप करायचं आणि ग्राफ पुन्हा काढायचा. आडव्या अक्षावर तास आणि उभ्यावर वेग असेल, तर बाणाचं टोक बरोबर दुपारी चार वाजता, सेकंदाला ९ मीटरवर. अक्ष लहान-मोठे केले तरी ते तिथेच राहतं. सगळ्यात जास्त वेग कुठे, हे 'स्टॅट्स' ही कमांड शोधून देते. तेच आकडे बाणाला द्यायचे.

वाऱ्याची दिशा दाखवायला 'विथ व्हेक्टर्स' आहे. प्रत्येक नोंदीला चार आकडे: बाण कुठून सुरू होतो ते दोन, आणि आडवा-उभा किती जातो ते दोन. इथे एक मेख आहे. हवामानाच्या नोंदीत वारा जिकडून येतो ती दिशा लिहितात. २७० अंश म्हणजे पश्चिमेचा वारा, त्याचा बाण पूर्वेकडे हवा. हे विसरलात, तर अख्खा पावसाळा उलटा वाहील! पण चूक एका ओळीत असते. तिथलं चिन्ह बदललं की सगळे बाण सरळ. माउसने काढलेले शंभर बाण कोण खोडत बसणार?

'एका बाणासाठी कमांड कोण शिकणार?' असं म्हणाल. पण उद्या सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागलात, की अशाच ग्राफवरच्या बाणाकडे बघून कुणीतरी मशीन थांबवायचं की चालू ठेवायचं हे ठरवेल. तिथे 'असंच वाटलं म्हणून काढला' चालत नाही. बाण काढणं म्हणजे 'इथे बघा, इथे काहीतरी घडलंय' असं ठामपणे सांगणं. सांगायचं असेल, तर जागेचा आकडा आपल्याकडे हवाच. येत्या सबमिशनला एक तरी बाण असा काढून बघा.