नोबेल म्हणजे निवाडा नव्हे

लॉरा मॅन्युएलिडिस यांचे नाव निघाले की दोन ठरलेली मते ऐकू येतात. पहिले असे की प्रियॉनच्या शोधाला नोबेल मिळाले तेव्हाच वाद मिटला. येल विद्यापीठाच्या या न्यूरोपॅथॉलॉजिस्ट पुढे नुसत्या हट्टाला पेटल्या. दुसरे असे की प्रस्थापितांनी एकट्या पडलेल्या स्त्रीचे सत्य दाबून टाकले. दोन्ही मते चुकीची आहेत, कारण पुरावा काय सांगतो हे दोघांनीही पाहिलेले नाही.

वाद आहे तो मेंदू पोखरणाऱ्या संसर्गजन्य रोगांच्या कारणाचा. मेंढ्यांमधला स्क्रेपी, माणसांमधला कुरू व क्रॉइट्सफेल्ट-याकोब, गायींमधला ‘मॅड काऊ’ हे सारे एकाच कुळातले. 1982 मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी मांडले की यांचा संसर्ग प्रथिनामुळे होतो: वेडीवाकडी घडी पडलेले प्रथिन, म्हणजेच प्रियॉन, शेजारच्या निरोगी प्रथिनालाही आपल्यासारखे करते. मॅन्युएलिडिस यांचे म्हणणे याच्या उलट. संसर्ग विषाणूचा आणि बिघडलेले प्रथिन हा त्याचा परिणाम.

आधी नोबेलवाल्यांचा समाचार घेऊ. प्रुसिनर यांना नोबेल मिळाले 1997 मध्ये. त्याआधी, 1976 मध्ये, कार्लटन गायडुसेक यांनाही ते मिळाले होते. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू संसर्गजन्य असल्याचे त्यांनी दाखवले होते, आणि त्याचे कारण संथपणे काम करणारा विषाणू आहे असे ते मानत. म्हणजे एकाच रोगकुळासाठी दोन नोबेल, आणि दोन्ही मानकऱ्यांची कारणमीमांसा वेगळी. मग कोणते पदक प्रमाण मानायचे?

शिवाय हट्टी माणूस प्रयोग करत नाही. मॅन्युएलिडिस यांनी केले. 1998 मध्ये त्यांनी दाखवले की रोगकारकाच्या सौम्य वाणाची (स्ट्रेनची) लागण आधी झालेल्या उंदरांमध्ये जहाल वाणाला सहजी पाय रोवता येत नाहीत. विषाणूंच्या बाबतीत असे घडते, याकडे त्यांनी बोट दाखवले ते रास्त होते. 2007 मध्ये त्यांच्या गटाने रोगग्रस्त पेशींत सुमारे 25 नॅनोमीटरचे विषाणूसदृश कण दाखवले. 2016 मध्ये न्यूक्लिइक आम्ले तोडणारी विकरे वापरल्यावर संसर्गक्षमता 99 टक्क्यांहून अधिक घटल्याचा दावा केला. हे दावे खोडायचे तर प्रयोगानेच खोडावे लागतात.

आता ‘दडपलेल्या सत्या’च्या भाटांकडे वळू. ज्या संशोधिकेने येलमध्ये न्यूरोपॅथॉलॉजीचे प्रमुखपद सांभाळले आणि जिचे निबंध अग्रगण्य नियतकालिकांत छापून आले, तिचे तोंड कोणी बांधले होते असे म्हणणे हास्यास्पद आहे. आणि विरोधी पुरावा वजनदार आहे. प्रियॉन प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना स्क्रेपी होत नाही, हे 1993 मध्ये सिद्ध झाले. ते प्रथिन विषाणूला पेशीत शिरायला मदत करत असेल, एवढी पळवाट तेव्हा उरली होती. पण 2010 मध्ये जीवाणूंकडून बनवून घेतलेले प्रथिन, एक मेद आणि निरोगी उंदराच्या यकृतातले आरएनए यांच्या मिश्रणातून संसर्गक्षम प्रियॉन तयार झाले आणि साध्या उंदरांना रोग झाला. त्यात विषाणू कुठून आला, हे विषाणूवाद्यांनी सांगायला हवे. 2021 पासून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने प्रियॉनच्या संसर्गक्षम तंतूंची रचना उलगडली आणि वेगळ्या वाणांच्या घड्या वेगळ्या निघाल्या. वाण असतात म्हणजे विषाणू असलाच पाहिजे, या युक्तिवादाची धार त्यामुळे बोथट झाली. अपेक्षित विषाणू मात्र आजवर कोणाच्याही हाती लागलेला नाही. माझ्या मते पारडे प्रथिनाकडे स्पष्ट झुकले आहे.

मग कारकीर्द वाया गेली का? असे म्हणणाऱ्यांना तिचे अर्धे दालनच ठाऊक नाही. विभाजन होत नसताना केंद्रकातली गुणसूत्रे शेवयांसारखी एकमेकांत गुंतलेली असतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. 1980 च्या दशकात मॅन्युएलिडिस यांनी डीएनएच्या खूण केलेल्या तुकड्यांनी एकेक गुणसूत्र शोधले, आणि प्रत्येक गुणसूत्र आपापली जागा धरून असल्याचे दाखवणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांची गणना झाली. मेंदूतल्या वेगवेगळ्या पेशींमध्ये ही मांडणी वेगळी असते, हेही त्यांनी दाखवले. 1988 मध्ये तर अपस्माराचे झटके उगम पावतात त्या भागातल्या चेतापेशींमध्ये एक्स गुणसूत्राची जागा बदललेली आढळल्याचे त्यांनी सहकाऱ्यासह नोंदवले. पेशीचे कार्य आणि गुणसूत्राची जागा यांचा संबंध आज संशोधनाचे मोठे क्षेत्र आहे.

दोन्ही कामांमागची वृत्ती एकच: पाठ्यपुस्तक काय म्हणते यापेक्षा ऊतींत काय दिसते ते पाहायचे. गुणसूत्रांच्या बाबतीत ही वृत्ती फळली, विषाणूच्या बाबतीत फळली नाही. पण प्रियॉनच्या समर्थकांना विषाणूशिवाय रोग निर्माण करून दाखवावा लागला, तो अशा आक्षेपांमुळेच. प्रतिपक्ष गप्प बसला असता तर सिद्धान्त पुराव्याऐवजी प्रतिष्ठेवर उभा राहिला असता.

म्हणून वाचकाला एवढेच सांगणे: पुढच्या वेळी कोणी एखाद्या शास्त्रज्ञाला हट्टी किंवा हुतात्मा म्हणून समोर उभे करील, तेव्हा पदक आणि अश्रू दोन्ही बाजूला ठेवा आणि प्रयोग विचारा. मॅन्युएलिडिस त्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतात. विषाणूबाबत त्यांचे म्हणणे टिकले नाही, पण त्यांचा विरोध प्रामाणिक आणि उपयोगी होता.