पार्ट मिळतात काय?

गेल्या अडीच वर्षांत माझ्या तीन हेडफोननी राम म्हटला. पहिला खानापूरच्या बसमध्ये बॅगांच्या खाली चेंगरला. दुसऱ्याची वायर पिनेजवळ तुटली. तिसरा सगळ्यांत महागाचा, दिसायलाही झकास, तो एका हळदीच्या रात्री ऐन मोक्याला गेला. तिघांचे मिळून जेवढे पैसे झाले तेवढ्यात एक चांगला आला असता. हा हिशेब मी नाही, आईने मांडला, कारण पैसे तिचे होते. डेअरीला दूध घालून बाजूला ठेवलेले.

त्यामुळे आता हेडफोन या विषयावर माझं ठाम मत आहे आणि ते मी आपल्या मंडळाच्या अंकात मांडणार आहे. साहित्याच्या अंकात हेडफोन कशाला, असं कुणी म्हणेल. मग कॉलेजच्या कट्ट्यावर एकदा बघा. कविता वाचणारे किती आणि कानात काहीतरी अडकवून बसलेले किती? त्यात मीही आलोच.

मत असं आहे : हेडफोन घेताना आवाज कसा आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तो मोडल्यावर उघडता येतो काय आणि त्याचे पार्ट मिळतात काय.

हा प्रश्न मला बाबांकडून मिळाला. आम्ही गुंजीचे, भातशेती आहे. बाबांनी पाण्याचा पंप घेतला तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदार पाच मिनिटं पंपाचं कौतुक करत होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पार्ट खानापुरात मिळतात काय, का बेळगावला जायला पाहिजे?" उत्तर पटलं तेव्हाच पैसे काढले. त्याच महिन्यात मी मोबाईलवर हेडफोन मागवला. मी काय बघितलं होतं? बास किती, रंग कुठला, आणि किती जणांनी पाच तारे दिलेत. एकाच घरातली दोन माणसं, आणि खरेदीची अक्कल अशी वेगवेगळी.

आता हळदीची रात्र. आपल्याकडे डीजे म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत डोळ्यांसमोर येते. मी म्हणतोय तो डीजे तसला नाही. आम्ही तिघं मित्र, एक लॅपटॉप, एक छोटा कंट्रोलर, दोन भाड्याचे स्पीकर. वर्षातून पाच-सहा कार्यक्रम : हळद, वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग, नाताळचा कार्यक्रम. यात हेडफोनचं काम गाणं ऐकणं हे नसतंच. स्पीकरवर एक गाणं चालू असतं आणि हेडफोनमध्ये, फक्त तुम्हालाच ऐकू येईल असं, पुढचं गाणं चालू असतं. एक कान बाहेर, एक कान आत. दोन्हींचा ठेका एकावर एक बसला की आतलं गाणं बाहेर सोडायचं. नाचणाऱ्याला कळताही कामा नये की गाणं कधी बदललं.

त्या रात्री मी पुढचं गाणं जुळवायला घेतलं आणि हेडफोनचा आवाज येतोय-जातोय, येतोय-जातोय. वायर हलवली की येतो, सोडली की जातो. अंदाजाने सोडलं. ठेका असा काही घसरला की अंगणातली सगळी पोरं जागच्या जागी थांबली आणि नवरीचे मामा ओरडले, "काय करुलालास बे, पोरं थांबली की!" ठरलेल्यातले निम्मेच पैसे मिळाले. मी उरलेले मागितलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी बेळगावात दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी हेडफोन उलटसुलट करून बघितला. "ह्याला इस्क्रूच न्हाई की. चिकटवलेलाय. उघडायला गेलो तर फुटतंय बघ." तरी माझ्या आग्रहाखातर त्यांनी उघडला, आणि तो फुटला. पण आतलं दुखणं कळलं. घडी होणारा हेडफोन होता. एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारी केसासारखी बारीक वायर घडीच्या सांध्यातून नेलेली होती. रोज घडी घालायची, रोज उलगडायची. वायर तरी किती दिवस वाकणार?

मामांनी तेव्हा दिलेली शिकवणी मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडली. हेडफोन बहुतेक करून तीन ठिकाणी मरतो. पिनेजवळ, कारण वायर तिथेच सारखी वाकते. सांध्यात, कारण प्लास्टिक तिथे सगळ्यांत पातळ असतं. आणि गादीवर. ज्यातून आवाज येतो तो आतला पडदा सहसा मरत नाही, तो वर्षानुवर्षं चालतो. म्हणजे आपण फेकतो तेव्हा हेडफोनचा जीव शाबूत असतो, हातपाय तेवढे मोडलेले असतात.

म्हणून पहिली गोष्ट, वायर कपातून काढता येणारी हवी. तुटली तर नवी घालायची, झालं. घट्ट बसवलेली वायर तुटली तर डाग द्यावा लागतो आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. हेडफोनच्या वायरीतल्या तारांना लाखेसारखा मुलामा असतो, बरोबर नायलॉनचे दोरे गुंफलेले असतात. मुलामा आधी जाळल्याशिवाय डाग धरतच नाही. मी घरी प्रयत्न केला होता. बोट भाजलं, आणि आवाज शेवटपर्यंत आला नाही तो नाहीच. एक सावधगिरी मात्र घ्या : काढता येणाऱ्या वायरीचंही कपाकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला वायर निघते, डब्यात तीन वेगवेगळ्या वायरी येतात, पण कपाकडची पिन अडीच मिलिमीटरची आणि फिरवून अडकवायची. बाजारातली कुठलीही वायर आणून खुपसली असं होत नाही.

टिकाऊपणाची सगळ्यांत जुनी साक्ष द्यायची तर ती सेनहायझर एचडी २५ची. हा १९८८ पासून बाजारात आहे, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या आईवडिलांच्या लग्नाआधीपासून. दिसायला अगदी साधा, वायर सोडून वजन १४० ग्रॅम. पण पट्टी, कप, गाद्या, वायर, एवढंच काय आतला पडदासुद्धा सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो. जगभरचे डीजे इतकी वर्षं तो गळ्यात अडकवून फिरतात ते काही नुसत्या आवाजासाठी नव्हे. एक कप मागे फिरवता येतो, एक कान मोकळा ठेवायला तो बरा पडतो. तक्रार असेल तर ही, की तो कानाभोवती नाही, कानावर बसतो आणि घट्ट बसतो. चष्मेवाल्याने दोन तास लावून दाखवावा. दुसरा सोनी एमडीआर-७५०६, १९९१चा. त्याची वायर निघत नाही, पण स्क्रू आहेत, उघडतो, आणि गाद्या सहज मिळतात. नुसतं ऐकायला मला विचाराल तर तोच जास्त सुखाचा.

दोन्ही विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहेत हे मला माहीत आहे, माझ्याकडेही यांतला एकही नाही. हे सांगितलं ते मोजपट्टी म्हणून. हजार-दोन हजारांतसुद्धा वायर निघणारे, स्क्रू असलेले, गाद्या ओढून काढता येणारे हेडफोन मिळतात. त्यांचा आवाज थोडा ढोबळ असेल. असू दे की. बसच्या घरघरीत तुम्हाला कुठला बारकावा ऐकू येणार आहे?

मित्र म्हणतात, वायरचीच भानगड आहे तर ब्लूटूथचा घे. ऐकायला जरूर घ्या. रेल्वेत गर्दीत वायर कुणाच्या तरी पिशवीत अडकण्यापेक्षा ते बरं. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक म्हणजे गाणी जुळवायला त्याचा उपयोग नाही. नाचाच्या गाण्यात मिनिटाला १२० ठोके धरले तर दोन ठोक्यांत अंतर अर्ध्या सेकंदाचं. साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला एक ते दोन दशांश सेकंद सहज लागतात. म्हणजे तुम्ही ऐकताय ते आधीच शिळं झालेलं असतं, जुळणार काय? काही कंपन्यांनी आता वेगळा ट्रान्समीटर देऊन हा उशीर पुष्कळ कमी केलाय, पण ती खरेदी पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्याची. दुसरी गोष्ट बॅटरी. लिथियमची बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की थकते, आणि कानात घालायच्या छोट्या बोंडांत ती अशी बंद केलेली असते की बदलायची सोयच नाही. पंपाची मोटार जळल्यावर अख्खा पंप फेका असं कुणी बाबांना सांगितलं असतं तर?

पिनेबद्दल थोडं. २०१६ साली आयफोनमधून हेडफोनचं भोक गेलं, मग एकामागून एक बाकीच्यांनीही काढलं. त्यामुळे वायरवाला घेणार असाल तर आधी आपला फोन बघा. भोक नसेल तर छोटा अडॅप्टर लागतो. कंट्रोलरला कधी मोठी, ६.३५ मिलिमीटरची पिन लागते, तिचा अडॅप्टर वेगळा. आणि खोक्यावर ओहम लिहिलेले असतात ते वाचा. तीस ते सत्तर ओहमपर्यंत फोन सहज वाजवतो. अडीचशे ओहमचा स्टुडिओतला हेडफोन कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेतलात तर फोनवर तो कुजबुजल्यासारखा वाजेल आणि तुम्ही आवाज वाढवत बसाल.

आता आपल्या भागाची खास अडचण : पाऊस. जूनपासून चार महिने खानापूर तालुक्यात कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरा येतो. हेडफोनच्या गादीवरचं रेक्झिन म्हणजे प्लास्टिकचाच पातळ थर, दमट हवेत तो आपोआप कुजतो. गणपती येईपर्यंत काळे पापुद्रे सुटायला लागतात आणि कानाला, केसांना चिकटतात. कितीही महागाचा घ्या, रेक्झिनची गादी इथे फार वर्षं टिकायची नाही. म्हणून गादी सुटी मिळते काय हे विचारायचं. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या मी आता फेकत नाही. हेडफोन एका डब्यात त्यांच्याबरोबर ठेवतो. आजी कडधान्याला कडुनिंबाचा पाला घालते, त्यातलाच प्रकार.

एक मुद्दा कानांचा, आणि तो मी शेवटी ढकलला याची मला लाज वाटते. हेडफोनचा पार्ट मिळतो, कानाचा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ला २० तास, ८६ला १०. असं करत १०१ला पोचलात तर आठवड्याभरात जेमतेम १९ मिनिटं. हळदीच्या अंगणात स्पीकरच्या बाजूला उभं राहून, त्यावर मात करायला हेडफोनचा आवाज वाढवणारा माणूस ती १९ मिनिटं पहिल्या पाच-सहा गाण्यांतच संपवतो. त्यासाठीच कान नीट झाकणारा, मागून बंद असलेला हेडफोन घ्यायचा. बाहेरचा आवाज जितका अडेल तितका आतला कमी ठेवता येतो. त्या हळदीनंतर दोन दिवस माझ्या कानात बारीक शिट्टी वाजत होती. घरी सांगितलं नाही.

दुरुस्तीचा हा विषय माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणून पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग गिऱ्हाइकाला मिळायला हवेत, हा त्यामागचा विचार. त्यात शेतीची अवजारं आहेत आणि मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्सही आहे. बाबांचा पंप आणि माझा हेडफोन एकाच यादीत बघून मला हसू आलं.

चौथा हेडफोन मी गेल्या दिवाळीत घेतला. यावेळी पैसे माझे, दोन वाढदिवस वाजवून मिळालेले. साधा, काळा, घडी न होणारा. घ्यायच्या आधी बेळगावच्या मामांना फोटो पाठवला होता. त्यांचा उलट निरोप आला, "इस्क्रू चार हायत. घे." मागच्या महिन्यात पिनेजवळ आवाज खरखरायला लागला तेव्हा नवी वायर मागवली, जुनी काढली, नवी घातली. दोन मिनिटं लागली. आई शेजारी भात निवडत होती. "किती गेले?" म्हणाली. दोनशे ऐंशी. "आणि कान?" मी म्हटलं, काय? ती परत म्हणाली, जरा मोठ्याने.